नगरपरिषदेचा नवा अग्निशमन बंब: जुन्याच्या शेजारी उभा करून दिलेला अभिप्राय

आमच्या शहरातील खारवीवाड्यात शिरणाऱ्या रस्त्याची सर्वांत अरुंद जागा 2.80 मीटर आहे. तिच्या एका बाजूला देवळाचा जांभ्याचा गडगा आणि दुसऱ्या बाजूला एका घराची पडवी असून दोहोंपैकी काहीही मागे सरकण्यासारखे नाही. नगरपरिषदेने घेतलेला नवा बंब अंगाने 2.50 मीटर रुंद आहे, परंतु दोन्ही बाजूंचे आरसे उघडे ठेवून मोजला तर तोच 2.95 मीटर भरतो. ज्यांना या गाडीविषयी एका दमात मत हवे असेल त्यांनी हे तीन आकडे ध्यानात घेतले तरी पुरे. ज्यांच्या नगरपरिषदेत अशाच गाडीची निविदा निघायची आहे त्यांच्यासाठी मात्र मी सविस्तर लिहीत आहे.

मी या नगरपरिषदेच्या अग्निशमन केंद्रात फायरमन म्हणून लागलो आणि यंत्रचालक म्हणून 2022 मध्ये निवृत्त झालो. जुना बंब 2008 च्या ऑगस्टमध्ये भर पावसात आमच्या दारात आला, तेव्हापासून निवृत्तीपर्यंत त्याच्या पंपाची मूठ बहुतेक वेळा माझ्याच हातात होती. नव्या बंबाच्या स्वीकृती-चाचणीला आणि पुढे नव्या मुलांना पंप शिकवायला केंद्राने मला बोलावले, त्यामुळे दोन्ही गाड्या शेजारी शेजारी उभ्या करून पाहण्याची संधी मला मिळाली. शहराचे नाव आणि गाडी बांधणाऱ्या कारखान्याचे नाव मी मुद्दाम देत नाही. रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्यावरचे, मागे सडा (जांभ्याचे उघडे पठार) आणि पुढे जेटी असलेले कोणतेही लहान शहर वाचकांनी डोळ्यांसमोर आणावे.

जुना बंब निवृत्त झाला तो म्हातारपणामुळे नव्हे, तर नोंदणीमुळे. सरकारी, निमसरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या मालकीच्या 15 वर्षांवरील वाहनांची नोंदणी चालू न ठेवण्याचा केंद्र सरकारचा नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू झाला. संरक्षण आणि कायदा-सुव्यवस्थेच्या खास वाहनांना त्यात सूट आहे, अग्निशमनाच्या गाड्यांना नाही. आमच्या बंबाची 15 वर्षे त्याच वर्षी ऑगस्टमध्ये भरली आणि ज्याचे इंजिन रोज सकाळी आठला पहिल्या किल्लीत सुरू होत होते, तो कागदोपत्री रस्त्यावर उतरण्यास अपात्र ठरला. नवी गाडी येईपर्यंतचे आठ महिने आम्ही शेजारच्या केंद्राच्या भरवशावर काढले. हा कालावधी टाळता आला असता. पंधरा वर्षांची तारीख गाडी घेतली त्याच दिवशी ठाऊक असते, तेव्हा बदली वाहनाचा प्रस्ताव तेराव्या वर्षीच पाठवायला हवा होता. येथे सरकारी दप्तराविषयी मी अधिक काही लिहीत नाही.

हस्तांतराचा कार्यक्रम 14 एप्रिल 2024 रोजी सकाळी झाला. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 1944 साली याच तारखेला 'फोर्ट स्टिकिन' जहाजावर स्फोट झाले आणि अग्निशमन दलाचे 66 जवान कामावर असताना मृत्यू पावले. तेव्हापासून हा दिवस देशभरातील अग्निशमन केंद्रांत पाळला जातो. लोकसभा निवडणुकीची आचारसंहिता लागू असल्यामुळे फलक, फीत आणि भाषणे यांपैकी काहीच झाले नाही, आणि मी पाहिलेला हा सर्वांत नेटका समारंभ ठरला. गुरवाने नारळ ठेवून गाऱ्हाणे घातले. "ह्यो नवो बंब तुझ्या पायाशी आणलो हाय, बसणाऱ्या पोरांक सुखरूप परत आण," असे त्याने म्हटल्यावर सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हटले. तो गुरव मूळचा देवगडकडचा असल्यामुळे गाऱ्हाणे मालवणी वळणाचे झाले, याची नंतर थोडी थट्टाही झाली. मग जुन्या बंबाचे शेवटचे काम झाले. केंद्राच्या आवारातल्या विहिरीत त्याचे सक्शन (पाणी ओढणारी नळी) सोडून त्याच्याच पंपाने आम्ही नव्याची कोरी टाकी भरली. पाच हजार लिटरला सव्वाचार मिनिटे लागली. पंधरा वर्षांच्या पंपाने साडेसहा मीटरच्या उपशावर मिनिटाला सुमारे 1200 लिटर पाणी दिले, हे मी वहीत लिहून ठेवले आहे.

आता नव्या गाडीकडे वळतो आणि पाण्यापासून सुरुवात करतो, कारण बंब म्हणजे शेवटी चाकांवरचा पंप आहे. आपल्याकडे न्हाणीघरात पाणी तापवणाऱ्या तांब्याच्या भांड्यालाही बंबच म्हणतात. त्याच्या पोटात विस्तव आणि भोवती पाणी असते, याचे सगळे उलटे. नव्या गाडीचा पंप दुहेरी दाबाचा आहे. साध्या दाबाला तो दर चौरस सेंटिमीटरला 7 किलोने मिनिटाला 2250 लिटर पाणी देतो, तर उच्च दाबाला 35 किलोने 300 लिटर. जुना पंप केवळ साध्या दाबाचा आणि 1800 लिटरचा होता. पहिला आकडा जाहिरातीत मोठा दिसतो, परंतु त्याने हुरळून जाऊ नये. पाच हजार लिटरची टाकी पूर्ण क्षमतेने चालवल्यास सव्वादोन मिनिटांत कोरडी पडते. प्रत्यक्षात कोणीही पंप तसा चालवत नाही. मिनिटाला साडेचारशे लिटरची एक शाखा (नळीच्या टोकाची तोटी) धरली तर अकरा मिनिटे मिळतात, आणि तेवढ्या वेळात दुसरे पाणी शोधणे हे यंत्रचालकाचे खरे काम असते.

येथे उच्च दाबाची उपयुक्तता मला मान्य करावी लागली, जरी खरेदीच्या वेळी मी तिच्या विरोधात होतो. बारीक नळीतून 35 किलोच्या दाबाने निघणारे पाणी तुषारांच्या रूपात पडते. तुषार लहान असल्यामुळे ते झटकन उष्णता शोषतात, त्यांची वाफ होते आणि ती वाफ मूळ पाण्याच्या सुमारे सोळाशे पट जागा व्यापून ज्वाळेजवळची हवा बाजूला सारते. गेल्या मार्चमध्ये सड्यावर वाळलेल्या गवताला लागलेली आग एका कलमांच्या बागेच्या कुंपणापर्यंत आली होती. मिनिटाला शंभर लिटरच्या एका गनवर (उच्च दाबाच्या तोटीवर) दोघा मुलांनी पाऊण तास काम केले, तरी टाकीत पाणी उरले. जुन्या बंबाने हेच काम करताना दोनदा खाली येऊन टाकी भरावी लागली असती, आणि तोपर्यंत मोहोर गेलेल्या, कैरी धरलेल्या कलमांचे काय झाले असते हे बागायतदाराला विचारावे. अर्थात रीळची नळी 60 मीटरची आहे. त्यापुढच्या गवतावर आम्ही नेहमीप्रमाणे हिरव्या डहाळ्यांनीच आग झोडपली, आणि खरा उपयोग झाला तो बागेच्या मालकाने जानेवारीतच गवत काढून मारलेल्या जाळरेषेचा.

उपशाची चाचणी मात्र प्रत्येकाने स्वतः घ्यावी, कारखान्याच्या अंगणातल्या हौदावर घेतलेली चाचणी मान्य करू नये. सेंट्रिफ्युगल पंप स्वतः हवा ओढू शकत नाही. आधी प्रायमरने सक्शन होजमधील हवा काढावी लागते आणि मग बाहेरच्या हवेचा दाब विहिरीतले पाणी वर ढकलतो. हा दाब समुद्रसपाटीला पाण्याचा फार तर 10.3 मीटर उंचीचा स्तंभ तोलतो आणि व्यवहारात सात-आठ मीटरनंतर कोणताही पंप हात टेकतो. आमच्या विहिरीवर साडेसहा मीटरला नव्या बंबाने 19 सेकंदांत पाणी धरले, जुन्याला त्याच दिवशी 31 सेकंद लागले. परंतु मे महिन्यात जांभ्यातल्या विहिरींचे पाणी दहा-बारा मीटरपर्यंत उतरते, आणि तेथे नवा बंब जुन्याइतकाच निरुपयोगी आहे. त्यासाठी विहिरीत उतरवता येणारा वेगळा पंप किंवा इजेक्टर (बंबाच्याच पाण्याच्या जोराने खालचे पाणी वर ढकलणारे साधन) हवा. आमच्या निविदेत दोन्ही नव्हते. पाच लाख लिटरच्या विहिरी गावभर असताना बंब कोरडा परत येतो, ही गोष्ट मे महिन्यात आग न पाहिलेल्याला खरी वाटत नाही.

किनाऱ्यावर समुद्राचे पाणी अमाप असते, मग अडचण कसली, असे पुष्कळांना वाटते. जेटीवरून भरतीच्या वेळी सक्शन टाकता येते, ओहोटीला गाळ ओढला जातो, हा पहिला भाग. दुसरा भाग असा की खाऱ्या पाण्याने पंप एकदा चालवला की केंद्रात परतल्याबरोबर तो गोड्या पाण्याने दहा मिनिटे धुवावाच लागतो, मग पहाटेचे चार वाजलेले असोत. हलक्या धातूचे पंप खाऱ्या पाण्यात लवकर खड्डे पडून निकामी होतात. आमच्या केंद्राने गनमेटलचा (तांबे-कथिलाच्या मिश्र धातूचा) पंप आग्रहाने मागून घेतला, आणि या खरेदीतला हा सर्वांत शहाणपणाचा निर्णय होता. टाकीही पोलादी पत्र्याऐवजी स्टेनलेस स्टीलची आहे. जुन्याची टाकी साध्या पत्र्याची होती. आतून एपॉक्सी लावूनही नवव्या वर्षी ती तळाला गळू लागली आणि त्यानंतर दर पावसाळ्याआधी तिला ठिगळ लागत गेले.

बाहेरच्या बांधणीबद्दल मी एवढा समाधानी नाही. कप्प्यांना अॅल्युमिनियमची सरकती शटर आहेत. ती दिसायला देखणी आहेत, अरुंद जागेत दार उघडण्यासाठी मोकळी जागा लागत नाही हा मोठा फायदाही आहे. परंतु अॅल्युमिनियमच्या पत्र्यात स्टेनलेस स्टीलचे बोल्ट थेट बसवले आहेत. दोन वेगळे धातू आणि मध्ये खारट ओल, म्हणजे एक छोटी बॅटरीच तयार होते आणि तिच्यात अॅल्युमिनियम झिजते. पहिला पावसाळा संपला तेव्हा एकूण 34 बोल्टांच्या भोवती पांढरी भुकटी दिसत होती. बोल्टाखाली नायलॉनची चकती आणि लेप दिला असता तर हे टळले असते, खर्चही नगण्य होता. शटरच्या खाचांत पुळणीची बारीक वाळू बसते ती वेगळीच. आठवड्यातून एकदा ब्रशने खाच साफ करून मेणाचा हात फिरवला नाही, तर डाव्या बाजूचे मधले शटर ऐन वेळी अडकते. जुन्याची दारे बिजागरीची होती. गंजून कुरकुरत, पण लाथ घातली की उघडत. नव्याला लाथ चालत नाही.

इंजिनाविषयी थोडे अधिक लिहिणे भाग आहे, कारण जुन्या पिढीच्या चालकांना यातले बरेच नवीन आहे. देशात 1 एप्रिल 2020 पासून विकली जाणारी वाहने भारत स्टेज 6 या धुराच्या मानकाची असतात. त्यांतल्या मोठ्या डिझेल गाड्यांना डिझेलशिवाय आणखी एक द्रव लागतो. त्याला डीईएफ म्हणतात आणि तो 32.5 टक्के युरियाचे शुद्ध पाण्यातील द्रावण असतो. तो संपू लागला की गाडी आधी इशारा देते आणि तरीही दुर्लक्ष केले तर इंजिनाची ताकद कमी करते. मालवाहू ट्रकच्या बाबतीत ही केवळ गैरसोय ठरते, आगीवर पंप चालवणाऱ्या गाडीच्या बाबतीत मात्र शाखा हातात धरून आत गेलेल्या माणसाचे पाणी कमी होते. म्हणून आमच्या केंद्रात डिझेलच्या नोंदवहीतच डीईएफचा स्तंभ आखला आहे आणि अर्ध्याखाली काटा गेला की भरायचाच असा दंडक आहे. साठाही फार करू नये, कारण आपल्या उन्हाळ्यात ते द्रावण लवकर जुने होते.

त्याहून महत्त्वाची गोष्ट धुराच्या गाळणीची आहे. एका जागी उभे राहून तासन्‌तास पंप चालवल्यास या गाळणीत काजळी साठते आणि ती जाळून टाकण्यासाठी गाडी स्वतःच धुराचे तापमान वाढवते. याला रीजनरेशन म्हणतात. त्या वेळी सायलेन्सरच्या तोंडाची उष्णता नेहमीपेक्षा कितीतरी जास्त असते. सड्यावरची आग विझवायला गेलेला बंब वाळलेल्या गवतात उभा करून पंप चालवला, तर बंबाखालीच दुसरी आग लागू शकते. ही क्रिया थांबवून ठेवण्याचे बटण डॅशबोर्डवर आहे, पण गाडी देताना आलेल्या प्रशिक्षकाने ते दाखवले नाही. माहितीपुस्तिका इंग्रजीत होती. ती दोन रात्री बसून वाचल्यावर बटण सापडले, आणि आता त्याच्या शेजारी मराठीत चिठ्ठी चिकटवली आहे. गवतात गाडी उभी करण्याआधी पाठीमागच्या शाखेतून जमीन भिजवून घ्यायची, हा नियमही त्यानंतरचा.

चालवण्याच्या बाबतीत नव्या गाडीला नावे ठेवायला जागा नाही. जुन्याला रात्रभर उभे राहिल्यावर ब्रेकची हवा भरायला तीन-चार मिनिटे लागत. वर्दी आल्यावर ती चार मिनिटे काट्याकडे पाहत बसणे काय असते, हे ज्याने भोगले त्यालाच माहीत. नव्याची हवा सकाळपर्यंत टिकते आणि बॅटरी केंद्रातल्या चार्जरला कायम जोडलेली असते. फोन ठेवल्यापासून फाटकाबाहेर पडेपर्यंतचा वेळ आम्ही मोजतो, तो दिवसा 50 सेकंद आणि रात्री दीड मिनिटावर आला आहे. टाकीच्या आत आडव्या-उभ्या जाळीच्या भिंती चांगल्या दिल्या आहेत. टाकी पूर्ण भरलेली किंवा पूर्ण रिकामी असताना गाडी वळणावर फारशी त्रास देत नाही, अर्धी टाकीच घातक असते, कारण पाणी बाहेरच्या बाजूला धावते आणि गाडीला आपल्याबरोबर ओढते. म्हणून मी चाचणीत मुद्दाम अर्ध्या टाकीने घाटातली तीन वळणे उतरून पाहिली. जुन्याच्या मानाने ही गाडी पुष्कळ शांत उतरली. केबिनमध्ये सहा जणांना पट्ट्यासह जागा आहे, हे सांगताना मला आठवते की जुन्या बंबावर आम्ही मागच्या फळीवर उभे राहून दांडी धरून जात असू आणि त्यात आम्हाला मोठेपणा वाटे. तो मूर्खपणा होता.

श्वसन संच आसनांच्या पाठीतच बसवले आहेत, त्यामुळे वाटेतच पाठीवर चढवता येतात. सिलिंडर 6.8 लिटरचा आणि 300 किलो दाबाचा आहे, म्हणजे सुमारे 2040 लिटर हवा. मिनिटाला 40 लिटरचा हिशेब कागदावर पन्नास मिनिटे दाखवतो, पण शिडीने चढून, नळी ओढत, घाबरलेला माणूस त्याहून बराच जास्त श्वास घेतो. अर्धा तास धरावा. अडचण अशी की हे सिलिंडर भरण्याचा कॉम्प्रेसर आमच्याकडे नाही आणि भरण्यासाठी ते जिल्ह्याच्या ठिकाणी न्यावे लागतात. संच घेताना कॉम्प्रेसर न घेणे म्हणजे घराला हंडे घेऊन विहीर न खणण्यासारखे आहे. प्रकाशाचा उंच खांब, मागचा कॅमेरा, भोंगा हे सर्व ठीक आहे. कॅमेऱ्यावर पावसात थेंब साचून काही दिसत नाही आणि मागे एक माणूस उभा करावाच लागतो.

फोमची परीक्षा जूनमध्ये झाली. महाराष्ट्रात 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा होड्या किनाऱ्यावर ओढून, झावळ्यांच्या झापांनी शाकारून ठेवतात. अशा तीन होड्यांच्या रांगेत रात्री दोनच्या सुमारास आग लागली. एकीच्या पोटात दुरुस्तीचे रेझिन होते आणि दुसरीच्या टाकीत डिझेल शिल्लक होते. डिझेल पाण्याहून हलके असल्यामुळे त्यावर नुसते पाणी मारले तर ते पाण्यावर तरंगत पुढच्या होडीकडे जाते, आणि हे जुन्या बंबाच्या काळात मी एकदा डोळ्यांनी पाहिले आहे. नव्या बंबात 500 लिटर फोमची वेगळी टाकी आहे आणि तीन टक्के मिश्रण पंपातच होते. मिनिटाला 450 लिटरच्या शाखेला साडेतेरा लिटर फोम लागतो, म्हणजे फोमची टाकी पस्तीस मिनिटांहून जास्त पुरते. आम्हाला नऊ मिनिटे लागली. तिसरी होडी वाचली, पहिल्या दोघींचे नुसते सांगाडे उरले. बंब पुळणीत नेला नाही, सिमेंटच्या उतारावर उभा करून नळीच्या सहा लांब्या टाकल्या. पुळणीत रुतलेला बंब बाहेर काढायला 2013 साली आम्हाला गावभरचे दोर आणि दोन ट्रॅक्टर लागले होते, आणि हा तर त्याहून जड आहे.

फोमच्या संदर्भात एक गोष्ट येथेच सांगतो. सोबत आलेला फोम फ्लोरिनयुक्त प्रकारचा होता. ही रसायने पाण्यात वर्षानुवर्षे विघटन न होता राहतात. आमच्या खाडीत बायका रोज ओहोटीला तिसऱ्या आणि कालवे हे शिंपले काढतात. तेव्हा सरावासाठी खाडीकाठी हा फोम वापरायचा नाही, सराव साध्या साबणाच्या पाण्यावर करायचा आणि पुढची खरेदी फ्लोरिनविरहित फोमची करायची, असे आम्ही ठरवून घेतले.

एवढे गुण असूनही मी या गाडीला पाचांपैकी साडेतीनच गुण देतो, आणि त्याचे कारण पुन्हा तो 2.80 मीटरचा रस्ता आहे. आरसे मिटून, दोन्ही बाजूंना माणूस उभा करून, बंब तेथून जातो. दोन्हीकडे वीतभरही जागा उरत नाही. परंतु देवळाच्या पुढचे वळण लांबीमुळे एका झटक्यात निघत नाही. मागे-पुढे तीनदा घ्यावे लागते आणि त्यात सरासरी पावणेदोन मिनिटे जातात. जुना बंब पाऊण मीटर आखूड होता, एकदाच वळत असे. त्यापुढे रस्ता संपतो आणि पाखाडी (पायऱ्यांची वाट) सुरू होते. शेवटचे घर तेथून 240 मीटर लांब आणि 20 मीटर वर आहे. दर दहा मीटर चढाला एक किलो दाब जातो, म्हणजे केवळ चढापायी दोन किलो गेले. तीस मीटरच्या आठ लांब्या जांभ्याच्या पायऱ्यांवरून खांद्यावर न्यायच्या आणि नळीतल्या घर्षणाचा तोटा पुन्हा वेगळा. हा हिशेब कोणत्याही कारखान्याच्या माहितीपत्रकात नसतो. तो आमच्याच पायांखाली होता आणि तरीही निविदेचे विनिर्देश माहितीपत्रक समोर ठेवून लिहिले गेले. गल्ल्या कोणी मोजल्या नाहीत. मीही मोजल्या नाहीत, कारण पंधरा वर्षांच्या सवयीने जुना बंब जातो तेथे नवाही जाईल असे मी धरून चाललो होतो.

लहान शहरांना माझी शिफारस अशी आहे की पाच हजार लिटरचा एक मोठा बंब घेण्याऐवजी त्याच पैशांत तीन-साडेतीन हजार लिटरचा आखूड बंब आणि त्याच्या जोडीला उच्च दाबाचा छोटा संच बसवलेली जीप घेता येते का, हे आधी तपासावे. ज्या शहरात रस्ते रुंद आहेत किंवा औद्योगिक वसाहत जवळ आहे, तेथे हीच मोठी गाडी निःशंकपणे घ्यावी. पंप, फोम, टाकी आणि केबिन या चारही बाबतींत ती उत्तम आहे. विक्रीनंतरची सेवा मध्यम प्रतीची आहे. तंत्रज्ञ फोनवर लगेच बोलतो, येतो आठवड्याने. हमीच्या मुदतीतच बोल्टांचे काम त्यांनी बदलून दिले, एवढे श्रेय द्यायला हवे.

जुना बंब लिलावानंतर नोंदणीकृत निष्कासन (वाहने मोडीत काढणाऱ्या) केंद्राकडे गेला. स्वतःच्या चाकांवर नव्हे, ट्रेलरवर चढून. नेण्यापूर्वी चालू स्थितीतले सक्शन होज, गाळणी, दोन शाखा आणि 63 मिलिमीटरचे कपलिंग साठा-नोंदवहीत चढवून आम्ही काढून घेतले. ही सर्व सामग्री नव्या बंबाला बसते, कारण कपलिंगचे माप सुदैवाने बदललेले नाही. त्याची पितळी घंटा नव्या बंबाच्या बंपरवर लावावी असा मुलांचा आग्रह होता. मी विरोध केला, कारण बंपरला भोक पाडले तर हमी जाते आणि पितळ-पोलादाच्या जोडीत पुन्हा गंज लागतो. ती आता टेलिफोनच्या खोलीत टांगली आहे.

जीपचा प्रस्ताव या महिन्यात जायचा आहे. त्याचे विनिर्देश लिहिण्याआधी केंद्रातले तिघे आणि मी टेप घेऊन शहरातल्या 41 जागा मोजून आलो. सर्वांत अरुंद जागा बाजारामागच्या पाखाडीच्या तोंडाशी 1.45 मीटरची निघाली. तेथे जीपही जाणार नाही, पोर्टेबल पंप चौघांनी उचलूनच न्यावा लागेल. म्हणून पाण्याशिवाय त्याचे वजन 90 किलोंपेक्षा जास्त नसावे आणि त्याला चार मुठी असाव्यात, असे आम्ही पहिल्याच कलमात लिहिले आहे.